रोबेर्तो काल्देइरो-बार्सिया

रोबेर्तो काल्देइरो-बार्सिया (जन्म : मोन्तेविदेओ, २६ सप्टेंबर १९२१, मृत्यू : मोन्तेविदेओ, २ नोव्हेंबर १९९६) हे उरुग्वे देशातील वैद्यक संशोधक आणि प्रसूतिविषयक शरीरक्रियाशास्त्राचे अभ्यासक होते. प्रसूतीच्या कळांचा, म्हणजे गर्भाशयाच्या आकुंचनांचा जोर आकड्यांत मांडण्याची पद्धत त्यांनी आपले सहकारी एर्मोहेनेस आल्वारेस यांच्यासह घालून दिली. त्यांच्या शहराच्या नावावरून या मापाला मोन्तेविदेओ एकक असे म्हणतात. प्रसूतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ते आजही शिकवले जाते. कळा आणि पोटातील बाळाच्या हृदयाचे ठोके एकाच वेळी, सलग टिपून बाळाची प्रकृती ओळखण्याच्या शास्त्राच्या आद्य प्रवर्तकांत त्यांची गणना होते. गरोदर स्त्रीच्या पोटावर चिकटवण्याच्या आजच्या इलेक्ट्रॉनिक पट्ट्या हेच दोन आलेख काढतात. ते वाचण्याची रीत बऱ्याच अंशी मोन्तेविदेओच्या प्रयोगशाळेत बसली.

प्रसूतीचे मोजमाप करणाऱ्या याच संशोधकाने पुढे त्या मोजमापांच्याच आधारे प्रसूतिगृहांतील अनेक रूढ प्रथांना हरकत घेतली. बाळंतिणीला खाटेवर उताणे निजवून ठेवणे ही त्यांतली मुख्य प्रथा होय. यंत्राच्या प्रसाराने मात्र ही प्रथा आणखी घट्ट केली. काल्देइरो-बार्सिया यांच्या कार्याचे मोल ठरवताना ही विसंगती बाजूला ठेवता येत नाही.

शिक्षण आणि पूर्वपीठिका

काल्देइरो-बार्सिया यांचे वैद्यकीय शिक्षण मोन्तेविदेओ येथील प्रजासत्ताक विद्यापीठात झाले. १९४७ साली ते वैद्यकशास्त्राचे पदवीधर झाले. त्यांचे कार्यक्षेत्र मुख्यतः प्रयोगशाळा हेच राहिले. आल्वारेस हे प्रसूतितज्ज्ञ होते. एकाला शरीरक्रियाशास्त्राची शिस्त होती आणि दुसऱ्याला प्रसूतिकक्षातील अनुभव. ही जोडी १९४०च्या दशकाच्या अखेरीस एकत्र आली आणि तिने गर्भाशयाच्या आकुंचनाचा प्रश्न हाती घेतला.

त्या काळी कळांचा जोर पाहण्याचे साधन एकच होते, ते म्हणजे सुईणीचा किंवा डॉक्टरांचा पोटावर ठेवलेला हात. अनुभवी हाताला कळ केव्हा सुरू झाली, केव्हा ओसरली आणि पोट किती घट्ट झाले हे कळते. परंतु दोन हातांचे मत जुळेलच असे नसते आणि हाताने पाहिलेले कागदावर उतरत नाही. गर्भाशयातील दाब यंत्राने मोजण्याचा प्रयत्न जर्मनीतील फ्रीडरिख शात्झ यांनी १८७२ साली केला होता. त्यांनी गर्भाशयाच्या मुखातून आत फुगा सारला होता. या प्रयत्नानंतर पाऊण शतक उलटले तरी नित्याच्या व्यवहारात मोजमाप आले नव्हते.

याचे परिणाम गंभीर होते. कळा मंद पडल्या तर विसाव्या शतकाच्या आरंभापासून पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचण्याची चाल होती. किती अर्काने गर्भाशय किती आवळेल याचा नेमका अंदाज नसे. मात्रा जास्त झाली तर गर्भाशय सैल होईनासे होई, बाळाचा रक्तपुरवठा तुटे आणि क्वचित गर्भाशय फाटून माताही दगावे. मात्रा ठरवायची तर परिणाम मोजता आला पाहिजे, आणि परिणाम मोजायचा तर आधी नैसर्गिक प्रसूतीत गर्भाशय किती जोराने आवळते हे माहीत हवे. मोन्तेविदेओतील संशोधनाची निकड इथे होती.

गर्भाशयातील दाबाची नोंद

आल्वारेस आणि काल्देइरो-बार्सिया यांनी वापरलेली पद्धत धाडसी होती. पोटाच्या व गर्भाशयाच्या भिंतीतून सुई घालून तिच्यावाटे एक बारीक नळी गर्भजलात सोडली जाई. नळीचे बाहेरचे टोक दाबमापकाला जोडलेले असे आणि दाब जसा चढे-उतरे तशी सरकत्या कागदावर रेघ उमटे. याच्या जोडीला गर्भाशयाच्या स्नायूत वेगवेगळ्या जागी अगदी लहान फुगे बसवून प्रत्येक भागातील ताण स्वतंत्रपणे मोजला जाई. या नव्या पद्धतींवरचा त्यांचा निबंध १९५० साली प्रसिद्ध झाला.

या नोंदींतून निरोगी प्रसूतीचे चित्र प्रथमच तपशिलाने दिसले. कळेची लाट गर्भाशयाच्या वरच्या भागात, बीजवाहिनी जिथे मिळते त्या कोपऱ्याजवळ सुरू होते. तेथून ती सेकंदाला सुमारे २ सेंटिमीटर वेगाने खाली उतरते आणि सुमारे १५ सेकंदांत सारे गर्भाशय व्यापते. वरच्या भागात आकुंचन आधी सुरू होते, अधिक जोराचे असते आणि अधिक काळ टिकते. खाली येता येता तिन्ही गोष्टी घटत जातात. या तिहेरी उतरत्या क्रमामुळे बाळ खाली ढकलले जाते आणि गर्भाशयाचे मुख उघडते. क्रम बिघडला, लाट खालून वर जाऊ लागली किंवा गर्भाशयाचे भाग आपापल्या तालाने आवळू लागले, तर बाळंतिणीला कळा पुष्कळ सोसाव्या लागतात आणि प्रसूती मात्र पुढे सरकत नाही. अडलेल्या बाईला दोष देण्याची जुनी सवय लक्षात घेता हा निष्कर्ष केवळ शास्त्रीय महत्त्वाचा नव्हता.

हाताच्या परीक्षेची मर्यादाही आता आकड्यांत सांगता आली. आकुंचनाचा दाब पाऱ्याच्या सुमारे १० मिलिमीटरपेक्षा अधिक झाल्याखेरीज तो पोटावरून हाताला जाणवत नाही. साधारण १५ मिलिमीटरच्या पुढे स्त्रीला वेदना होऊ लागतात. ४० मिलिमीटरपर्यंत गर्भाशयाची भिंत बोटाने दाबता येते. त्यापुढे ती इतकी कठीण होते की जोर आणखी किती वाढला हे बोटाला सांगता येत नाही. म्हणजे कळा जिथे खऱ्या अर्थाने परिणामकारक होतात, तिथेच हाताची ओळख संपते.

गरोदरपणातही गर्भाशय स्वस्थ नसते हे या नोंदींनी दाखवले. छोट्या जागेपुरती मर्यादित असलेली, क्षीण पण वारंवार येणारी आकुंचने त्यांना आढळली. त्यांना आल्वारेस लहरी हे नाव मिळाले. प्रसूती ही एका क्षणी सुरू होणारी घटना नसून आठवडेन् आठवडे हळूहळू वाढत जाणाऱ्या हालचालीचा शेवटचा टप्पा आहे, असे या संशोधकांचे प्रतिपादन होते.

मोन्तेविदेओ एकक

कळांचा जोर आणि त्यांची वारंवारता या दोन्ही गोष्टी एकाच आकड्यात आणण्यासाठी या गटाने एक साधा गुणाकार सुचवला. दहा मिनिटांतील आकुंचनांची सरासरी तीव्रता पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये घ्यायची आणि तिला त्याच दहा मिनिटांतील आकुंचनांच्या संख्येने गुणायचे. तीव्रता मोजताना दोन कळांच्या मधला, गर्भाशय सैल असतानाचा मूळ दाब वजा करतात. दहा मिनिटांत ५० मिलिमीटरच्या ४ कळा आल्या तर गर्भाशयाचे कार्य २०० मोन्तेविदेओ एकके झाले.

गरोदरपणाच्या ३०व्या आठवड्यापर्यंत हा आकडा २०च्या आत राहतो. प्रसूतीची लक्षणे प्रत्यक्ष दिसू लागतात तेव्हा तो साधारण ८० ते १२० असतो आणि बाळ बाहेर येण्याच्या टप्प्यात २५०पर्यंत जातो. औषधाने वाढवलेल्या कळा पुरेशा आहेत की नाहीत हे ठरवताना पुढे २०० एककांची मर्यादा बऱ्याच ठिकाणी मान्य झाली. एककात त्रुटीही आहेत. आकुंचन किती वेळ टिकले हे त्यात येत नाही, त्यामुळे तोकडी कळ आणि लांबलेली कळ सारखीच मोजली जाते. त्यात सुधारणा सुचवणारी इतर एकके नंतर पुढे आली. परंतु कागद-पेन्सिलने अर्ध्या मिनिटात काढता येणारे हे माप टिकून राहिले.

१९५३ साली अमेरिकेत व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी ऑक्सिटोसिन हे संप्रेरक प्रयोगशाळेत तयार केले आणि १९५५ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आता शुद्ध औषध हाती होते आणि त्याचा परिणाम मोजण्याचे साधन मोन्तेविदेओत तयार होते. काल्देइरो-बार्सिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिरेतून थेंबाथेंबाने दिलेल्या ऑक्सिटोसिनच्या मात्रा आणि कळांचा जोर यांचा संबंध बारकाईने तपासला. नैसर्गिक प्रसूतीतल्यासारख्या कळा आणण्यास फार थोडी मात्रा पुरते, असे त्यांना दिसून आले. मात्रा त्याहून वाढवली तर दोन कळांमधली विश्रांती नाहीशी होते, आणि वारेतून बाळाला रक्त मिळते ते मुख्यतः त्या विश्रांतीतच. सलाईनमधून ऑक्सिटोसिन देताना थेंब मोजण्याची जी काटेकोर शिस्त आज प्रसूतिगृहांत पाळतात, तिच्या पायाशी हे काम आहे.

बाळाचे ठोके आणि कळा

पुढचा प्रश्न ओघानेच आला. प्रत्येक कळेत वारेचा रक्तपुरवठा काही काळ मंदावतो. मग त्या वेळी बाळाचे काय होते? पोटाला नळी लावून ठोके ऐकण्याची रीत एकोणिसाव्या शतकापासून होती. पण ठोके दोन कळांच्या मधे, मिनिटभर ऐकले जात. ऐन कळेत बाळंतीण वेदनेने व्याकूळ असते आणि घट्ट झालेल्या पोटातून ठोके नीट ऐकू येत नाहीत. नेमकी जी वेळ महत्त्वाची, तिचीच नोंद नव्हती.

१९५०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून काल्देइरो-बार्सिया, कार्लोस मेन्देस-बाउएर, पोसेइरो आदींच्या गटाने बाळाच्या हृदयाचे विद्युत संकेत सलग टिपण्यास सुरुवात केली. सुरुवातीच्या प्रयोगांत आईच्या पोटातून सुई घालून बाळाच्या त्वचेला सूक्ष्म विद्युतअग्र लावले जाई. ठोक्यांची गती आणि गर्भाशयातील दाब यांच्या रेघा एकाखाली एक उमटत. या आलेखांत ठोके मंदावण्याचे दोन प्रकार स्पष्ट दिसले. पहिल्यात ठोके कळेबरोबर उतरतात आणि कळेबरोबरच सावरतात. हा बाळाच्या डोक्यावर पडणाऱ्या दाबाचा परिणाम असून तो सहसा निरुपद्रवी असतो. दुसऱ्यात कळेचा जोर शिगेला पोहोचून ओसरू लागला तरी ठोके उतरतच राहतात आणि त्यांचा तळ कळेच्या शिखरानंतर काही सेकंदांनी येतो. हा उशीर बाळाला प्राणवायू अपुरा पडत असल्याची खूण ठरला. मोन्तेविदेओच्या गटाने या दोन घसरणींना पहिला आणि दुसरा डिप अशी नावे दिली. अमेरिकेत एडवर्ड हॉन याच सुमारास स्वतंत्रपणे असेच काम करीत होते. पुढे हॉन यांचे लवकरची आणि उशिराची मंदगती हे शब्द जगभर रूढ झाले. लॅटिन अमेरिकेतील डॉक्टरांत मात्र डिप हा शब्द बराच काळ टिकला.

हे प्रयोग आजच्या नीतिनियमांच्या कसोटीवर जसेच्या तसे उतरले नसते. निरोगी बाळाच्या अंगाला गर्भाशयात सुई टोचण्याची परवानगी आज कोणतीही नीतिसमिती सहजासहजी देणार नाही. मानवी प्रयोगांविषयीचा हेलसिंकी जाहीरनामा १९६४ सालचा, म्हणजे यांतील बऱ्याच कामानंतरचा आहे. मोन्तेविदेओत जमलेली माहिती पुन्हा त्या मार्गाने कधीच मिळवता आली नसती, ही गोष्ट त्या माहितीचे मोल वाढवते आणि तिच्याविषयीचा प्रश्नही शिल्लक ठेवते.

उताण्या स्थितीला हरकत

कळांचा अभ्यास चालू असताना एक साधी गोष्ट वारंवार दिसत होती. बाळंतीण पाठीवर असताना कळा लवकर लवकर पण कमी जोराच्या येतात. ती कुशीवर वळली की कळांची संख्या घटते आणि जोर वाढतो. १९६० साली या निरीक्षणावरचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यानंतर पोसेइरो यांनी दाखवून दिले की उताण्या स्थितीत ऐन कळेच्या वेळी जड गर्भाशय पाठीच्या कण्यापुढील महारोहिणीवर दाब देते. कधी कधी इतका, की मांडीतील नाडी क्षणभर हाताला लागत नाही. नाडी नाहीशी होते याचा अर्थ गर्भाशयाकडे जाणारे रक्तही घटते. याला पोसेइरो परिणाम म्हणतात.

प्रसूतिगृहातील खाट, तिच्यावर उताणी निजलेली बाई आणि पायांशी उभे डॉक्टर ही मांडणी विसाव्या शतकात जगभर प्रमाण मानली जात होती. ती डॉक्टरांच्या सोयीची आहे, आई-बाळाच्या हिताची नाही, असे काल्देइरो-बार्सिया यांनी स्पष्टपणे मांडले. मेन्देस-बाउएर यांनी १९७५ साली उभ्या राहिलेल्या स्त्रियांच्या कळांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यानंतर लॅटिन अमेरिकेतील अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या अभ्यासात काही बाळंतिणींना हवे तसे बसण्या-उठण्याची व चालण्याची मोकळीक देण्यात आली. त्यांच्या प्रसूतीचा पहिला टप्पा लवकर उरकला आणि बाळांना त्यापासून अपाय झाल्याचे आढळले नाही.

१९७०च्या दशकात त्यांनी आणखी दोन प्रथा तपासल्या. प्रसूती लवकर व्हावी म्हणून गर्भजलाची पिशवी मुद्दाम फोडण्याची चाल होती. पिशवी शाबूत असेपर्यंत आतले पाणी बाळाच्या डोक्यावरचा दाब सगळीकडे सारखा वाटते. ती लवकर फोडली तर वेळ थोडा वाचतो, पण डोक्यावर ताण वाढतो आणि ठोके मंदावण्याचे प्रसंग अधिक येतात, असे त्यांना आढळले. दुसरी प्रथा होती ती शेवटच्या टप्प्यात बाळंतिणीला दीर्घ श्वास कोंडून जोर करायला लावण्याची. स्वतःच्या ऊर्मीने जोर करणारी स्त्री एका वेळी साधारण पाच सेकंदच जोर करते आणि मधे श्वास घेते. आजूबाजूच्यांच्या आग्रहाने ती त्याहून खूप अधिक वेळ श्वास कोंडते तेव्हा तिच्या रक्तातील प्राणवायू घटतो आणि त्याची झळ बाळाला लागते. १९७९ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. नैसर्गिक प्रसूतीचा पुरस्कार करणाऱ्या चळवळींना यामुळे प्रयोगशाळेतील एक अनपेक्षित साक्षीदार मिळाला.

संस्था आणि सार्वजनिक कार्य

१९७० साली उरुग्वे सरकार, प्रजासत्ताक विद्यापीठ आणि पॅन अमेरिकन आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने मोन्तेविदेओत लॅटिन अमेरिकन पेरिनेटॉलॉजी केंद्र स्थापन झाले. काल्देइरो-बार्सिया हे त्याचे पहिले संचालक होते. जन्माच्या अलीकडचा आणि पलीकडचा काही काळ मिळून एकच काळ मानायचा आणि आई व बाळ यांचा विचार एकत्र करायचा, अशी पेरिनेटॉलॉजी या शाखेची भूमिका आहे. विद्यापीठाच्या क्लिनिकल रुग्णालयाच्या सोळाव्या मजल्यावरच्या या केंद्रात लॅटिन अमेरिकेच्या अनेक देशांतील डॉक्टर शिकून गेले.

केंद्राने महागड्या यंत्रांबरोबर स्वस्त साधनांकडेही लक्ष दिले हे विशेष. गर्भाशयाची उंची मोजण्याची टेप आणि गरोदरपणाच्या आठवड्यानुसार ती किती असावी याचा तक्ता एवढ्यावर बाळाची वाढ खुंटली आहे का याचा अंदाज घेता येतो. १९८०च्या दशकात केंद्राने गरोदरपणापासून बाळंतपणापर्यंतची सारी माहिती एका पानावर बसवणारा नोंदपत्राचा नमुना तयार केला. तो लॅटिन अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर वापरात आला.

१९७६ ते १९७९ या काळात काल्देइरो-बार्सिया आंतरराष्ट्रीय स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र महासंघाचे अध्यक्ष होते. (याच पदावर २०१५ ते २०१८ या काळात मुंबईचे डॉ. चित्तरंजन नरहरी पुरंदरे होते.)

हा काळ उरुग्वेच्या इतिहासातील अंधारा काळ होता. जून १९७३मध्ये संसद बरखास्त होऊन लष्कराच्या पाठबळावरची राजवट आली आणि त्याच वर्षी विद्यापीठही सरकारने ताब्यात घेतले. अनेक प्राध्यापकांना पदे गमवावी लागली आणि पुष्कळ शास्त्रज्ञ देश सोडून गेले. १९८५ साली लोकशाही परतली तेव्हा विज्ञानाची घडी नव्याने बसवायची होती. त्यासाठी १९८६ साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने मूलभूत विज्ञान विकास कार्यक्रम सुरू झाला. गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि संगणकशास्त्र यांत उच्च शिक्षणाची सोय करणे आणि परदेशी गेलेल्या संशोधकांना परत आणणे हे त्याचे उद्दिष्ट होते. त्याच्या संचालकपदाची जबाबदारी काल्देइरो-बार्सिया यांनी स्वीकारली. प्रसूतिशास्त्राशी या कामाचा थेट संबंध नव्हता. तरी त्यांच्या देशात त्यांच्याविषयी जो आदर आहे, त्यात या उत्तरायुष्यातील कामाचा वाटा मोठा आहे.

यंत्राचा प्रसार आणि वाद

१९६०च्या दशकाच्या अखेरीस ठोके व कळा टिपणारी यंत्रे बाजारात आली. पोटात सुई घालण्याची गरज संपली. त्याऐवजी पोटाला दोन पट्टे बांधू लागले. एकात ठोके टिपणारे उपकरण, दुसऱ्यात पोटाचा घट्टपणा जाणणारी कळ. श्रीमंत देशांत काही वर्षांतच ही यंत्रे जवळजवळ प्रत्येक प्रसूतिगृहात पोहोचली. पट्ट्यांना तारा होत्या, तारा भिंतीजवळच्या यंत्राला जोडलेल्या होत्या, आणि बाई हलली की बाळाचे ठोके हरवत. त्यामुळे नोंद चांगली यावी म्हणून बाईने हलू नये, असा उलटा नियम बनला. मोन्तेविदेओच्या आलेखांनी जी स्थिती अहितकारक ठरवली होती, तीच स्थिती आलेखासाठी सक्तीची झाली. पट्ट्याला कळेची वेळ कळते, दाब कळत नाही. त्यामुळे मोन्तेविदेओ एककही या यंत्रावरून काढता येत नाही.

यंत्राचा लाभही अपेक्षेइतका ठरला नाही. १९८५ साली डब्लिन येथील सुमारे १३ हजार स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सलग नोंद ठेवलेल्या गटातील नवजात बाळांत झटके येण्याचे प्रमाण निम्म्यावर आले, परंतु बालमृत्यूंत फरक पडला नाही. अशा अनेक चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणात सलग नोंदीमुळे सिझेरियन शस्त्रक्रियांचे प्रमाण वाढते असे दिसून आले. उशिराच्या मंदगतीची खूण ओळखणे सोपे असले तरी तिच्यातून खरोखर धोक्यात असलेले बाळ निवडून काढणे अवघड असते, आणि शंका आली की डॉक्टर शस्त्रक्रियेकडे वळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ सालच्या मार्गदर्शक सूचनांत निरोगी स्त्रीच्या आपोआप सुरू झालेल्या प्रसूतीत यंत्राची सलग नोंद करू नये, असे सुचवले. त्याच सूचनांत अशा स्त्रियांना चालण्या-फिरण्यास व उभे राहण्यास उत्तेजन द्यावे असेही म्हटले आहे. प्रसूतीच्या पहिल्या टप्प्यात उभ्या स्थितीने तासाहून अधिक वेळ वाचतो, हे नंतरच्या एकत्रित परीक्षणांतही दिसले. म्हणजे काल्देइरो-बार्सिया यांच्या दोन वारशांपैकी एकाला आवर घालून दुसरा स्वीकारला गेला.

अंगावरील पट्ट्या

काल्देइरो-बार्सिया यांच्या मृत्यूनंतरच्या काळात तारांविना चालणारी, अंगावर चिकटवण्याची साधने विकसित झाली. त्यांच्यामागचे तत्त्व जुने आहे. म्युनिकमध्ये माक्स क्रेमर यांनी १९०६ साली आईच्या शरीरावरून बाळाच्या हृदयाचा विद्युत संकेत टिपला होता. हा संकेत अतिशय क्षीण असतो आणि आईच्या हृदयाचा संकेत त्याच्या कित्येक पट मोठा असतो. दोन्ही एकमेकांत मिसळलेले येतात. ते वेगळे करण्यास लागणारी गणना आता लहानशा चिपवर होऊ शकते. गरोदरपणाच्या साधारण २८व्या ते ३२व्या आठवड्याच्या सुमारास बाळाच्या त्वचेवर मेणासारखा थर दाट होतो आणि तो विजेला अडवतो, त्यामुळे त्या आठवड्यांत हा संकेत विशेष मंद पडतो. हीच पट्टी गर्भाशयाच्या स्नायूतील विद्युत हालचालही टिपते आणि तिच्यावरून कळांची वेळ ठरवता येते. स्थूल स्त्रियांत, जिथे जुना पट्टा चुकतो, तिथेही हे काम बऱ्यापैकी होते. दाबाचा नेमका आकडा मात्र अजून गर्भाशयात नळी घातल्याशिवाय मिळत नाही.

ब्रिटनमधील नॉटिंगहॅम विद्यापीठातील संशोधनातून निघालेली पट्टी प्रसूतिगृहांत वापरात आली आहे. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या गटाने आईची छाती, पोट आणि बोट या तीन जागी लावण्याचे मऊ, बिनतारी संवेदक तयार केले. आईच्या हृदयाची गती, श्वसन, तापमान, प्राणवायू आणि शरीराची स्थिती यांची नोंद ते बाळाच्या ठोक्यांबरोबर करतात. त्यांची चाचणी अमेरिकेबरोबरच झांबियाची राजधानी लुसाका येथेही झाली आणि तिचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. हे संवेदक बाई उताणी आहे, कुशीवर आहे की उभी आहे हे स्वतःहून नोंदवतात. १९६० साली मोन्तेविदेओत हीच गोष्ट खाटेशेजारी बसलेल्या माणसाला कागदाच्या कडेला हाताने लिहून ठेवावी लागत असे.